जुनी गाडी आणि पेट्रोलची वही

‘किती देते?’ हा प्रश्न पूर्वी पाहुणे दारातल्या म्हशीविषयी विचारीत. आता तो दारातल्या मोटारीविषयी विचारला जातो, आणि उत्तर देणाराही म्हशीच्या धन्याप्रमाणेच थोडे वाढवून सांगतो. गावात अठरा, बाहेर बावीस! प्रत्यक्ष मोजून पाहिलेले मात्र फार थोडे. मोजण्याची गरजही पूर्वी कोणाला भासत नसे. परंतु २०२१ साली आमच्या मध्य प्रदेशात पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांची वेस ओलांडली, आणि त्यापुढच्या चार वर्षांत पंपावर मिळणारे पेट्रोलही पहिल्यासारखे उरले नाही. तेव्हा ज्यांच्या दारी जुनी छोटी गाडी आहे, त्यांनी हा विषय एकदा नीट समजून घ्यावा, म्हणून ह्या महिन्याचे सदर त्याला देत आहोत.

जुनी छोटी गाडी म्हटले की आपल्या घरांतून बहुधा मारुती ८०० च असते. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या गाडीची किल्ली पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती दिली, आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली. ह्या तीस वर्षांत आपल्या देशात ती २६ लाखांहून अधिक विकली गेली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, बारा इंची चाके, आणि वजन साधारण साडेसहाशे किलो. रामबागेच्या किंवा नारायणबागेच्या गल्लीत ती अजूनही ताडपत्रीखाली उभी दिसते. पुढे लिहिलेले बहुतेक सारे त्या काळच्या इतर छोट्या गाड्यांनाही लागू आहे.

ह्या विषयाला निमित्त झाले ते एका भगिनींच्या पत्राचे. त्यांच्या यजमानांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागते. रिक्षातले धक्के त्यांना सोसत नाहीत, म्हणून २००६ सालची मारुती हाच आधार. ती गाडी आता लिटरला जेमतेम अकरा किलोमीटर देते. मुलगा पुण्याहून सांगतो, ‘आई, विकून टाक.’ मिस्त्री सांगतो, इंजिन उघडावे लागेल, तीस हजार खर्च येईल. भगिनी विचारतात, ‘मी कोणाचे ऐकू?’

आमचे उत्तर असे की, तूर्त कोणाचेच ऐकू नये. आधी शंभर पानी वही आणावी.

गाडी खरोखर अकरा देते की नाही, हे आधी ठरले पाहिजे. काट्याकडे पाहून किंवा ‘पाचशेचे टाकले आणि इतके दिवस चालली’ अशा हिशेबाने ते ठरत नाही. एका ठराविक पंपावर, शक्य तर सकाळी, टाकी भरावी. नळी आपोआप बंद झाली की तिथेच थांबावे. ‘रुपये पूर्ण करतो’ म्हणून वर थोडे थोडे ओतू देऊ नये. मीटरवरचा आकडा वहीत लिहावा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच टाकी भरावी, आणि मधल्या किलोमीटरांना त्या वेळी बसलेल्या लिटरांनी भागावे. एका वेळच्या उत्तरावर विसंबू नये, तीन-चार टाक्यांची सरासरी काढावी. ‘ॲव्हरेज’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा अर्थ सरासरी असा आहे हेच आपण विसरून गेलो आहोत! शेजारच्या रकान्यात त्या काळात काय काय केले तेही लिहावे: हवा भरली, प्लग बदलले, ओंकारेश्वरला जाऊन आलो. सहा महिन्यांनी ही वही कोणत्याही मिस्त्रीपेक्षा अधिक सांगते.

आता ह्या भगिनींचा हिशेब पाहू. रुग्णालयाच्या खेपा आणि बाजारहाट धरून त्यांची गाडी महिन्याला सुमारे ३०० किलोमीटर चालते. अकराच्या हिशेबाने २७ लिटरांच्या थोडे वर पेट्रोल लागते. तीच गाडी पंधरा देऊ लागली तर २० लिटर पुरेल. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले तर महिन्याची बचत साडेसातशे रुपयांच्या आसपास. ही रक्कम लहान नव्हे. परंतु तिच्यासाठी तीस हजार खर्च करायचे, तर ते पैसे वसूल व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. इंजिन निळा धूर सोडीत असेल, तेल पीत असेल, चढावर दम टाकीत असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि मगच ठरवावे. केवळ पेट्रोल जास्त लागते म्हणून इंजिन उघडणे म्हणजे भूक लागत नाही म्हणून पोट फाडून पाहण्यासारखे आहे. गाडी कमी देण्याची कारणे बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर असतात, आणि त्यांचा खर्च शेकड्यांत असतो.

त्यांतले सर्वांत दुर्लक्षिलेले कारण म्हणजे चाक मोकळे न फिरणे. सपाट रस्त्यावर, मागे-पुढे कोणी नाही असे पाहून, गाडी न्यूट्रलमध्ये हळूहळू चालू द्यावी. ती सहज घरंगळत गेली पाहिजे. कोणी मागून धरल्यासारखी लगेच थांबत असेल, तर ब्रेक चिकटत आहेत असे समजावे. दुसरी खूण अशी की आठ-दहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न लावता नुसता न्यावा. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे तापलेले लागले, तर तिथे दोष आहे. जुन्या गाड्यांत पुढच्या ब्रेकचा पिस्टन गंजून अडकतो, मागचे लायनर फार ताणून बसवलेले असतात, किंवा हँडब्रेकची तार पूर्ण सैल होत नाही. जॅकवर गाडी उचलून प्रत्येक चाक हाताने फिरवले की मिस्त्रीला पाच मिनिटांत कळते. आपण समोर उभे राहून हे करवून घ्यावे. चिकटणारा ब्रेक पेट्रोल खातोच, पण पावसात गाडी एका बाजूला ओढून अपघातही करतो. केवळ पैशासाठी नव्हे, तर जिवासाठीही ही तपासणी आधी व्हावी.

चाकातल्या हवेविषयी सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच कोणी पाहत नाही. पंक्चर नसले तरी महिन्याला पौंडभर हवा आपोआप उतरते. चार महिने न पाहिलेले टायर दिसायला ठीक असले तरी रस्त्याला चिकटून चालते. हवा सकाळी, टायर गार असताना पाहावी. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. पंक्चरवाल्याच्या ‘सबको तीस रखते हैं’ ह्या सूत्रावर जाऊ नये. काही मंडळी मुद्दाम अधिक भरतात, गाडी हलकी चालते म्हणून. ती हलकी चालते हे खरे, पण ओल्या डांबरावर थांबतही नाही. नायट्रोजन भरल्याने गाडी अधिक देते हा समज मात्र सोडून द्यावा; टायरात योग्य दाब असणे महत्त्वाचे, वायू कोणता ह्याला महत्त्व नाही.

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी आमच्याकडच्या गॅरेजांतून सर्रास घडते. उन्हाळ्यात गाडी एकदा तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा भाग काढून फेकतो आणि रेडिएटरच्या पंख्याची तार थेट जोडून देतो. ‘साहब, अब कभी गरम नहीं होगी.’ खरेच होत नाही, आणि तिथेच नुकसान आहे. इंजिन गार असेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणे आणि पुरेसे तापले की वाट मोकळी करणे, हे थर्मोस्टॅटचे काम. तो नसला तर इंजिन आपल्या कामाच्या उष्णतेपर्यंत पोहोचतच नाही, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ज्या गाड्यांत पेट्रोल इंजेक्शनने येते, त्यांचा संगणक इंजिन गारच आहे असे समजून जादा पेट्रोल सोडीत राहतो. शिवाय सिलिंडरची झीज वाढते. सहा-सात किलोमीटर चालवूनही उष्णतेचा काटा मध्याच्या बराच खाली राहत असेल, तर थर्मोस्टॅट आहे की नाही हे अवश्य विचारावे. काही शे रुपयांचा हा भाग परत बसवावा. आणि गाडी तापण्याचे मूळ कारण, म्हणजे गाळाने भरलेला रेडिएटर किंवा गळकी नळी, दुरुस्त करावे. आमच्या मते जुन्या मारुतीवर केलेला ह्याहून फायद्याचा खर्च दुसरा नाही.

एअर फिल्टर, प्लग आणि तेल ह्यांविषयी फार लिहीत नाही. पुस्तकात दिलेल्या अंतराने ते बदलावे आणि तेल त्याच ग्रेडचे घालावे. अधिक जाड तेल म्हणजे अधिक चांगले तेल नव्हे. एवढा भेद लक्षात ठेवावा की सन २००० च्या सुमारापर्यंतच्या कार्बोरेटरच्या गाडीत कोंदलेल्या फिल्टरमुळे पेट्रोलचे प्रमाण वाढते, इंजेक्शनच्या गाडीत मुख्यतः ओढ कमी होते. कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढला असेल तर इंजिन गरम होताच तो पूर्ण आत ढकलावा. अर्धवट बाहेर राहिलेला चोक म्हणजे उघडा राहिलेला नळ. आणि ‘ॲव्हरेज सेट करून देतो’ म्हणून स्क्रू फिरवणाऱ्याला हात जोडावेत. तो स्क्रू मुख्यतः उभ्या गाडीच्या चालीसाठी असतो. तो आवळून धावत्या गाडीची सरासरी फारशी सुधारत नाही, मात्र सिग्नलवर इंजिन वरचेवर बंद पडू लागते.

इथपर्यंत गाडीचे झाले. चालवणाराविषयी लिहिणे थोडे अवघड, कारण ते वाचून घरात वाद होतात. तरीही एक हिशेब देतो. दोन माणसांसह आठशे किलो भरणारी गाडी शून्यापासून पन्नासच्या वेगापर्यंत नेण्यासाठी जे पेट्रोल जळते, ते सुमारे दहा मिलिलिटर असते. ब्रेक दाबला की ते सारे उष्णता होऊन हवेत जाते. म्हणजे पन्नासवरून कचकन थांबणे हा दर वेळी एक रुपयाचा खर्च आहे. पलासियाचा सिग्नल दुरूनच लाल दिसत असताना वेग वाढवीत जाणारा आणि मग ब्रेक दाबणारा मनुष्य दिवसातून वीस-तीस रुपये असे सांडतो, आणि संध्याकाळी पेट्रोलच्या भावाबद्दल सरकारला बोल लावतो. पाय आधीच उचलावा, गाडी आपल्या ओघाने पुढे जाऊ द्यावी. सिग्नल हिरवा झाला तर तेवढाच लाभ. लाल दिव्यावर मिनिटभराहून अधिक थांबायचे असेल आणि बॅटरी व स्टार्टर धडधाकट असतील, तर इंजिन बंद करावे. एवढेसे इंजिन नुसते उभ्याने तासाला अर्धा लिटर किंवा थोडे अधिक पेट्रोल घेते. दोन मिनिटांचे दोन रुपये धरावेत. रुग्णालयाच्या आवारात रुग्णाची वाट पाहत, एसी लावून अर्धा तास गाडी चालू ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आठशेच्या इंजिनाला एसीचे ओझे फार होते. भर मे महिन्यात तो लावूच नये असे कोण म्हणेल? रुग्ण बसलेला असताना तर लावावाच. पण आत कोणी नसताना गाडी गार ठेवण्याचे कारण नाही.

मोठ्या रस्त्यावर वेगाचा हिशेब याहून सरळ आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून नव्वदवर गेलो की तो सव्वादोनपट होतो. ही गाडी पन्नास-साठच्या दरम्यान सर्वांत काटकसरीने चालते. छपरावर गेल्या लग्नसराईत लावलेला कॅरिअर अजून तसाच असेल, तर तो आजच काढावा. डिकीतले ओझेही पाहावे. पाण्याचे दोन कॅन, जुन्या फरशीचा नमुना, कोणाची तरी परत करायची कढई: अशी तीस किलोंची सामग्री ह्या हलक्या गाडीला भारी पडते.

घाटाविषयी मात्र कळकळीने लिहिणे भाग आहे. मानपूरचा घाट किंवा खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची, इतकेच नव्हे तर इंजिन बंद करून उतरण्याची सवय आपल्या जुन्या पिढीतल्या अनेकांना आहे. वडिलांनी फिएट अशीच उतरवली, काकांनी ॲम्बॅसडर अशीच उतरवली, असे अभिमानाने सांगतात. इंजिन बंद झाले की ज्या गाडीत ब्रेकला निर्वाताची मदत असते, ती एक-दोनदा पायडल दाबताच संपते आणि पायडल दगडासारखे कठीण होते. इंजिनाची रोख नसल्याने सारा भार ब्रेकवर येतो, आणि ते तापून निकामी होतात. आणि ज्या बचतीसाठी हे करायचे, तीही इंजेक्शनच्या गाडीत होत नाही. गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असला, की उतारावर पेट्रोल सोडणे संगणक आपोआप थांबवतो. चाकेच इंजिन फिरवीत राहतात. न्यूट्रलमध्ये टाकले तर इंजिन जिवंत ठेवण्यापुरते पेट्रोल उलट द्यावे लागते. म्हणजे धोका पत्करायचा आणि वर पैसे मोजायचे! कार्बोरेटरच्या गाडीत थोडेसे पेट्रोल वाचत असेल. तरी घाटात गाडी नेहमी गिअरमध्येच असावी.

आता नव्या पेट्रोलविषयी. गेली काही वर्षे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले, आणि २०२५ सालापर्यंत ते देशभर वीस टक्क्यांवर पोहोचले. उसापासून आणि धान्यापासून होणारे हे मद्यार्क जळते चांगले, पण एका लिटर इथेनॉलमधून मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. जून २०२१ मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या इथेनॉलविषयक आराखड्यातच असे नमूद केले होते की, मूळ निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांना वीस टक्के मिश्रणात सहा ते सात टक्के इंधन अधिक लागेल असा अंदाज आहे. सोळा देणारी गाडी पंधरा देऊ लागली, तर तो गाडीचा दोष नव्हे, मिस्त्रीचा नव्हे आणि तुमच्या पायाचाही नव्हे. मात्र सोळाची अकरा झाली असेल, तर त्यातला एकच किलोमीटर इथेनॉलच्या खाती घालता येतो. उरलेले चार आपल्याला शोधावे लागतील. अलीकडे प्रत्येक तक्रारीचे उत्तर ‘पेट्रोलच तसे येते’ असे देऊन मोकळे होण्याची गॅरेजवाल्यांना सोय झाली आहे. वही असली म्हणजे ह्या उत्तरापाशी थांबावे लागत नाही.

ह्या पेट्रोलचा दुसरा परिणाम खर्चाचा नसून सुरक्षिततेचा आहे. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, त्यांना चिरा पडतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर ‘जुनी गाडी आहे, येणारच’ असे म्हणू नये. गरम इंजिनावर पेट्रोलचे थेंब पडणे म्हणजे आगीला निमंत्रण. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घालून घ्याव्यात आणि त्यांचे क्लिपही नवे बसवावेत. कार्बोरेटरच्या गाडीत ह्या मिश्रणामुळे पेट्रोलचे प्रमाण कमी पडून सकाळी गाडी ठसकते. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीकडून ते थोडे वाढवून घेणेच योग्य.

उंची दराचे जादा ऑक्टेनचे पेट्रोल ह्या जुन्या इंजिनाला काही देत नाही. ते उच्च दाबाच्या इंजिनांसाठी आहे. पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, सिगारेट लायटरच्या जागी खोचायचे दिवे, ह्यांची जाहिरात करणाऱ्यांची मात्र चांगली सरासरी निघते. घरगुती गॅसचा सिलिंडर गाडीत जोडण्याचा उद्योग कोणी सुचवला, तर त्या माणसाला पुन्हा गाडीला हात लावू देऊ नये. ते बेकायदा आहेच, आणि जीवघेणेही आहे.

मुलाच्या सल्ल्याचाही विचार केला पाहिजे. तो पेट्रोलच्या बाबतीत चूक असला, तरी सर्वस्वी चूक नाही. ह्या गाडीत एअरबॅग नाही, आणि ती कितीही सुधारली तरी मोठ्या रस्त्यावरच्या धडकेत आतल्या माणसांचे रक्षण करण्याची तिची शक्ती बेताचीच राहणार. म्हणून तिला गावात वापरावे, बाहेरगावच्या लांब प्रवासाला नेऊ नये. विकायचे की ठेवायचे ह्याचा निर्णय नोंदणीच्या मुदतीशी जोडावा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढते. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० चे ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० करण्यात आले. त्यात विमा, नळ्या, ब्रेक आणि टायर ह्यांचा खर्च मिळवून पुढील पाच वर्षांचा आकडा काढावा, आणि रुग्णालयाच्या तेवढ्याच खेपा भाड्याच्या मोटारीने केल्यास काय पडेल तेही मांडावे. आमचा अंदाज असा की महिन्याला तीनशे किलोमीटर असतील तर जुनी गाडी जिंकेल, शंभरच असतील तर भाड्याची. पण आकडे ज्याचे त्याने आपल्या वहीतून घ्यावेत.

ज्यांची गाडी आठवड्यातून एकदाच निघते, त्यांच्यासाठी शेवटची एक सूचना. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि पावसाळ्यात दीड-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ते तळाशी वेगळे होऊन साचू शकते. मग गाडी सुरू होत नाही, टाकीला आतून गंज धरतो. अंगणात नुसते इंजिन पाच मिनिटे चालू ठेवल्याने ह्यावर उपाय होत नाही. उलट इंजिन अर्धवट तापून पेट्रोल वाया जाते. आठवड्यातून एकदा तरी गाडी दहा-बारा किलोमीटर चालवावी, आठवड्याची कामे त्या एकाच खेपेत उरकावीत, आणि परत आल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहण्यास विसरू नये.